समताचं तोंड आणि आमचे सल्ले

समता बोलायला उशिरा लागली. तिच्या बरोबरीची पोरं गल्लीत शिव्या द्यायला शिकली तरी ही नुसती बघत बसायची. तिची आई अन्नपूर्णा माझी शेजारीण. आमच्यात नवस बोलत नाहीत, म्हणून तिनं त्याला नवस म्हटलं नाही. पोरगी बोलली तर येत्या पौर्णिमेला विहारात खीर दान करीन, एवढंच म्हणाली. पोरगी बोलली. खीर दान झाली. वर्षभरानं अन्नपूर्णा माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, खीर जरा जास्त झाली वाटते."

समताचे वडील माणिकराव आमच्या धाड गावापासून बुलढाण्यापर्यंत जीप चालवतात. शाळेला सुटी असली की पोरगी जीपच्या टपावर चढून बसायची आणि "बुलढाणा, बुलढाणा" असं ओरडायची. नुसतं ओरडायची नाही, तर बाजूच्या जीपकडे बोट करून म्हणायची, "आजोबा, तिकडं बसू नका, त्या गाडीचा दरवाजा दोरीनं बांधला हाये." दरवाजा खरंच दोरीनं बांधलेला असायचा. बाकीच्या जीपवाल्यांनी माणिकरावांना दम दिला, तेव्हा कुठं पोरगी टपावरून खाली आली.

शाळेत तिला वक्तृत्व स्पर्धेत उभी केली. भाषण गुरुजी लिहून द्यायचे, पोरांनी पाठ करायचं, हात कुठं वर करायचा तेही ठरलेलं. विषय होता पाण्याचे महत्त्व. समतानं पहिली दोन वाक्यं गुरुजींची म्हटली आणि तिसरं स्वतःचं जोडलं, की आमच्या वस्तीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि सरपंचांच्या गल्लीत रोज येतं, तर महत्त्व कोणाला जास्त कळलं असेल. परीक्षक सरपंचांचे मेहुणे होते. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नेमकं कशाला उत्तेजन दिलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बारावी झाली आणि सल्ल्यांचा पूर आला. बोलकं लेकरू घरात असलं की सगळ्या गावाला त्याची काळजी लागते. हिशेबात हुशार पोराला कोणी विचारत नाही, ते आपलं बँकेच्या परीक्षा देत बसतं. पण बोलणाऱ्या पोराचं काहीतरी करायला पाहिजे असं प्रत्येकाला वाटतं. बहुतेक स्वतःच्या कानांसाठी वाटत असावं.

समताचे मामा प्रेमानंद बुलढाण्याच्या शाळेत शिक्षक आहेत आणि शाळाशाळांतून करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं देतात. त्यांनी घरच्याच खाटेवर बसून व्याख्यान दिलं. वाणी ही पुंजी आहे म्हणाले. वकिली, पत्रकारिता, अध्यापन, विक्री, समुपदेशन, आकाशवाणी. बोटं संपेपर्यंत मोजलं. मग माणिकरावांनी विचारलं, "यातली नोकरी कशात हाये भाऊ?"

मामा म्हणाले, "नोकरी पोलीस भरतीत हाये. पण मी वाणीबद्दल बोलून राह्यलो."

गल्लीतल्या गोजरबाईनं दारातूनच सांगितलं, "वकील नवरा करून द्या. फुकट प्रॅक्टिस होईन तिची." मीही सल्ला दिला होता, अंगणवाडीत चिकट म्हणून. मलाही कानांची काळजी होतीच.

बी.ए. करून समता पुण्याला एका कॉल सेंटरला लागली. तिथं तिला सांगितलं, "मले, तुले असं बोलू नका, शुद्ध बोला." ती म्हणाली, माझ्याशी बोलणाऱ्या माणसाला कळतंय ना. साहेबांनी सांगितलं, कळणं महत्त्वाचं नाही, कागदावर जे लिहिलंय ते म्हणायचं. तक्रार करणाऱ्या माणसाला "आम्ही समजू शकतो" असं चारदा म्हणायचं आणि फोन ठेवायचा. एका बाईला समतानं खरंच समजून घेतलं आणि कंपनीची चूक आहे, पैसे परत मागा, असं सांगितलं. ती बाई खूश झाली. समता धाडला परत आली.

मग विमा. त्यातही तिचं बस्तान बसेना, कारण ती समोरच्याला आधी कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत तेच सांगायची. पंचशीलातलं चौथं शील आम्ही सगळेच रोज म्हणतो, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. पण विमा विकताना ते म्हणणारी ही पहिलीच.

तिचं खरं काम तिला सापडलं ते एका पुण्यानुमोदनात. माणूस गेल्यावर आमच्यात हा कार्यक्रम होतो. भंतेजी येतात, परित्राण पाठ होतो, मग जेवणाआधी गेलेल्या माणसाबद्दल लोक बोलतात. बोलतात म्हणजे काय, तर पुढारी उभे राहतात आणि स्वतःबद्दल सांगतात. गेलेला माणूस बिचारा हार घातलेल्या फोटोतून ऐकत असतो. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या निवृत्तीच्या वडिलांचा कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन करायला येणाऱ्या गुरुजींची गाडी वाटेत पंक्चर झाली. निवृत्तीनं माइक समताच्या हातात दिला, जवळ तीच उभी होती म्हणून.

एक पुढारी उभे राहिले आणि त्यांनी रस्ता कसा मंजूर करून आणला ते सुरू केलं. समतानं थोडा वेळ ऐकलं, मग शांतपणे म्हणाली, "साहेब, रस्ता तुम्ही आणला, पण गेले ते दुसरे. त्यांची एखादी आठवण सांगा." साहेबांना आठवण नव्हती. ते खाली बसले. मग तिनं निवृत्तीच्या आईला विचारलं, आणि म्हातारीनं नवऱ्याची अशी एक गोष्ट सांगितली की रडणारे लोक हसले. जेवण गरम असताना वाढलं गेलं. आमच्या भागात पुण्यानुमोदनाचं जेवण गरम मिळणं ही बातमी आहे. ती चिखलीपर्यंत गेली.

त्यानंतर समताला बोलावणी येऊ लागली. लग्नं, कबड्डीचे सामने, दुकानाचं उद्घाटन, महिला मेळावे. स्वतःचा माइक घेतला, लाउडस्पीकरचे पोंगे भाड्यानं. पोरगी कमावती झाली, घरात सगळे खूश, एकटी अन्नपूर्णा सोडून. "ताई, हिला कोन करून घेईन?" एवढा एकच तिचा प्रश्न. येणारी स्थळं चौकशी करायची, आणि चौकशीत समताचं नाव घेतलं की लोक हसून "हां, ते माइकवाली का" म्हणायचे. तिथं स्थळ संपायचं.

मग जळगाव जामोदचं स्थळ आलं. मुलगा प्रसेनजित, विजेच्या खात्यात लाइनमन, निर्व्यसनी, दिसायला बरा. जळगाव जामोद आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं समताचा आवाज पोचलेला नव्हता. अन्नपूर्णाला यात बुद्धाची करुणा दिसली.

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी तिनं पोरीचे हात धरले. "माझ्या गळ्याची शपथ घे. उद्या तोंड उघडू नको. जे विचारतील ते मी सांगीन."

समता काही म्हणाली नाही, कारण तिला म्हणता येत नव्हतं. दिवसभर कबड्डीच्या सामन्यांत माइकवर बोलून घसा पार बसला होता. नुसती हवा बाहेर यायची. अन्नपूर्णाला यातही करुणाच दिसली.

पाव्हणे आले. मुलाची आई भिमाबाई आधी जीपमधून उतरली आणि तिच्यामागून तिचा आवाज उतरला. नाही, उलट. आवाज आधी उतरला. घाटातला रस्ता, रस्त्यातले खड्डे, खड्ड्यांमुळे वाढलेली कंबरदुखी, कंबरेवरचं औषध, औषधाचा गुण न येणं, हे सगळं ओसरी ओलांडायच्या आत सांगून झालं. प्रसेनजित मागून आला आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला. त्याला पाणी पाहिजे का हेही त्याच्या आईनंच सांगितलं. नको होतं.

समता पोहे घेऊन आली. भिमाबाईनं विचारलं, "नाव काय बाई?"

"समता," अन्नपूर्णा म्हणाली.

"शिक्षन?"

"बी.ए.," अन्नपूर्णा.

"सैपाक येते का?"

समतानं मान हलवली आणि हातानं भाकरी थापून दाखवली. विनोदासाठी केलं असावं. अन्नपूर्णा घाईनं म्हणाली, "सगळं येते तिला. लय शांत हाये पोरगी."

भिमाबाई पहिल्यांदाच गप्प झाली. तिनं समताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अन्नपूर्णाच्या घामाकडे. डोळ्यात पाणी आणून ती उठली, समताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

दोन दिवसांनी निरोप आला. फोन माणिकरावांनी घेतला आणि ठेवून आमच्यात येऊन बसले. मग म्हणाले, "पसंत हाये म्हणते. पोरगी मुकी असली तरी आमाले चालते, म्हणते. आमचं मन मोठं हाये, म्हणते."

मी हसत सुटले. समताचा घसा तोवर सुटला होता, तीही हसली. अन्नपूर्णा हसली नाही. ती म्हणाली, "मंग? पसंत हाये ना? गप्प राहा सगळे."

"अगं, पण ती बोलते," मी म्हणाले.

"लग्नानंतर बोलन. हळूहळू. दवाखान्यात दाखवलं म्हनू, गुण आला म्हनू."

खोटं बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, मीही त्यातलीच. पण एक शब्द न बोलता सगळ्या घरानं खोटं बोलायचं, हा प्रकार नवा होता. यावर चौथं शील काय म्हणतं ते भंतेजींना विचारावं असं मनात आलं, पण विचारलं नाही. अन्नपूर्णाकडे बघवत नव्हतं. पोरीसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं तिनं किती वेळा पोहे ठेवले होते ते मी बघत आलेले.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. तोवर माइक धरायचा नाही, असं अन्नपूर्णानं बजावलं. छोटी दोन-तीन कामं समतानं सोडली, आईसाठी. पण एक काम तिला सोडवेना. मलकापूरला वधू-वर परिचय मेळावा होता, सगळ्या जिल्ह्याचा. मोठं मंगल कार्यालय, हजारभर माणसं, आणि सूत्रसंचालनासाठी समितीनं धाडच्या पोरीला बोलावलं होतं. अशा मेळाव्यांत आजवर प्राध्यापक लोक बोलायचे.

"हे सोडलं तर मला परत कोणी बोलावणार नाही काकू," ती मला म्हणाली. "आणि लग्नानंतर मुक्या बाईला तर नाहीच."

"आईला सांगितलं का?"

"सांगितलं. ती म्हणते, एक तर स्थळ, नाही तर माइक."

"मग?"

"आई पण येणार आहे. मलकापूरला. माझा हात धरून ठेवायला."

त्या मेळाव्याला आम्ही तिघी गेलो. अन्नपूर्णा खरंच तिचा हात धरून बसली होती, जीपमध्ये, मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत. मंडपात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमांना हार घालायची तयारी चालली होती. समितीचे अध्यक्ष धावत आले आणि समताला कार्यक्रम समजावू लागले. आधी वंदना, मग स्वागत, मग एक विशेष सत्कार. "जळगाव जामोदच्या एक माउली आहेत. मुक्या मुलीला सून करून घेताहेत. समाजापुढं आदर्श. त्यांच्याबद्दल चांगलं बोला जरा, मनाला लागलं पाहिजे."

अन्नपूर्णाच्या हातातून पोरीचा हात सुटला. ती मटकन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "चाल घरी."

समता आईशेजारी बसली. मग म्हणाली, "आई, त्या बाईला शाल देणार आहेत. लोक टाळ्या वाजवणार. उद्या मी बोलताना सापडले तर लोक तिलाच हसतील. तिनं काय केलं?"

समता उठली आणि माइककडे गेली.

वंदना झाली, स्वागतं झाली. भिमाबाई स्टेजवर होती, नवी साडी, चेहऱ्यावर मोठं मन. समताकडे तिचं लक्ष नव्हतं, माइकवाल्या बाईकडे कोण बघतं. आवाज ओळखायचा तर तो तिनं कधी ऐकलेलाच नव्हता.

समता म्हणाली, "आता सत्कार. मुलगी मुकी आहे असं समजून ज्यांनी तिला सून म्हणून पसंत केली, त्या भिमाबाई. आज किती जणी असं करतील? टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. शाल अंगावर पडली. "टाळ्या थांबवू नका, पण आता खरं सांगते. ती मुलगी मी आहे. पाव्हणे आले त्या दिवशी घसा बसला होता. नंतर आम्ही घरच्यांनी सांगितलं नाही, ती चूक आमची. यांचं मन मोठं आहे ते खरं, मी मुकी आहे ते खोटं. शाल यांचीच."

अन्नपूर्णानं पदर डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढला.

भिमाबाई उठली. समताजवळ आली, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माइकमध्येच विचारलं, "तू बोलते?"

"बोलते."

"किती बोलते?"

"माइक असला तर दिवसभर."

"अन् नसला तर?"

"तरी दिवसभर."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. भिमाबाईनं त्या दिशेला एक नजर टाकली आणि हसणं थांबलं. "काऊन वं बाई, मले पह्यलेच सांगतलं असतं त काय झालं असतं?"

"तुम्ही पसंत केली असती का?"

भिमाबाईनं विचार केला. खरोखर केला, दिसत होता करताना. "नाई," ती म्हणाली. "एका घरात दोन पोंगे नाई चालत. माह्या सासूनं मले कधी बोलू देल्लं नाई. आता कुठं पाळी आली. ते मी तुले देऊ काय?"

मंडप हसला, पण मला हसू आलं नाही. मुकी सून तिला का पाहिजे होती ते तेव्हा कळलं.

"नका देऊ," समता म्हणाली. "मग सोयरीक मोडली असं समजू?"

"मोडली. शाल मी वापस देत नाई."

"देऊ नका. मुलगा आला आहे का? आलाय तर आता मोकळाच आहे, परिचय करून घेऊ."

प्रसेनजितला लोकांनी ढकलत स्टेजवर आणला. समतानं माइक त्याच्यापुढं धरला. त्यानं नाव सांगितलं, नोकरी सांगितली. आवाज चांगला होता, भरदार, वापरच झालेला नव्हता. अपेक्षा विचारल्यावर म्हणाला, "मुलगी समजदार पाह्यजे. नोकरी करत असली तरी चालते. मले पोहे आवडत नाईत."

"आमच्याकडे खाल्ले तुम्ही. तेव्हा काऊन नाही बोलले?"

"आई बोलून राह्यली होती."

"आता कसे बोलले?"

"आईजवळ माइक नाही."

त्या दिवशी सगळ्यात जास्त चौकशी त्याच्याच नावाची झाली. नांदुऱ्याची महामाया म्हणून एक नर्स होती, तिच्या घरच्यांनी जेवणाआधीच भिमाबाईला गाठलं. आणि समतानं संध्याकाळपर्यंत एकेका पोराला बोलतं केलं. एरवी ही पोरं स्टेजवर येऊन चपलांकडे बघत पगार सांगतात आणि पळतात. शेती करणाऱ्या एकाला तिनं विचारलं, बायकोला शेतात नेणार की नाही. तो म्हणाला, नेईन पण उन्हाळ्यात नाही. बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

परतीच्या वाटेवर अन्नपूर्णा बोलली नाही. घरी येऊनही बरेच दिवस बोलली नाही. घरात तेवढी शांतता तिसरी पौर्णिमा येईपर्यंत होती. मग एका दुपारी फोन वाजला, समता अंघोळीला गेली होती, म्हणून अन्नपूर्णानं घेतला. पलीकडून भिमाबाई. प्रसेनजितचं लग्न महामायाशी ठरलं होतं.

"तुमच्या पोट्टीले सांगजा, लग्नात माइकवर तेच पाह्यजे मले. आमच्याकडचे गुर्जी लय झोपाळू हायेत."

अन्नपूर्णानं फोन कानाला लावूनच विचारलं, "अन् लोक काय म्हनतील?"

"लोकायले मी पाहून घेतो. तिले म्हना, मले बोलाले येळ ठेवजो."

समता गेली. अन्नपूर्णाही गेली, लग्नाची साडी नेसून गेली. जेवणं वेळेवर झाली. भिमाबाईला बोलायला वेळ दिला होता, त्याच्या दुप्पट ती बोलली आणि मग तिच्या हातातून माइक काढून घेताना दोघींची थोडी ओढाताण झाली, ती लोकांना फार आवडली.

आता समताला आठवडाभर सवड नसते. रविवारी तर वेगळंच काम असतं. मेळाव्यात पोरांचं बोलणं बघून आया आपापली मुलं तिच्याकडे आणून सोडतात, पुढच्या मेळाव्याआधी जरा बोलायला शिकव म्हणतात. चार-पाच जवान पोरं ओसरीवर ओळीनं बसतात आणि समता एकेकाला उभं करून विचारते, तुला काय आवडतं, काय आवडत नाही, बायकोनं तुझ्याकडून काय अपेक्षा ठेवावी. पोरं घामाघूम होतात. फी घेते. बोलता येणाऱ्या लेकरांनी न बोलणाऱ्यांना शिकवावं, हे करिअर मामांच्या बोटांवर नव्हतं.

पोरीचं लग्न अजून झालेलं नाही. तिला घाई दिसत नाही. अन्नपूर्णा रविवारी न सांगता चहा करते आणि स्वतः बाहेर घेऊन येते. प्रत्येकाच्या हातात कप देताना त्याला नीट बघून घेते आणि हळूच एकच प्रश्न विचारते, "तुझी आई लय बोलते का रे?"

पोरांना तो शिकवणीचाच भाग वाटतो. बिचारी उभी राहून उत्तर देतात.